डेटाबेसमध्ये आकडे आणि वेळ छाटताना: नवख्यांसाठी पायरी पायरीने

क्वेरी लिहायला लागून महिना-दोन महिने झाले की एक काम हमखास समोर येतं. रकमेच्या कॉलममध्ये 12.78934 असं काहीतरी दिसतं आणि दोनच दशांश हवे असतात. किंवा नोंदीची वेळ मायक्रोसेकंदापर्यंत साठवलेली असते आणि रिपोर्टला नुसता महिना पुरतो. दोन्हीकडे करायचं एकच, मागचं शेपूट छाटायचं. क्वेरी पहिल्या फटक्यात चालते, एररही येत नाही. नेमकं त्यामुळेच इथल्या चुका वर्ष वर्ष लपून राहतात.

छाटणं म्हणजे माहिती टाकून देणं. तेव्हा हात लावण्याआधी आकड्याबाबत विचारायचं, कुठल्या बाजूला छाटतोय? आणि वेळेबाबत विचारायचं, कुणाच्या घड्याळाप्रमाणे छाटतोय? खाली जे काही सांगतोय ते सगळं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं.

वाचताना एक लक्षात असू द्या. फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, तुम्ही टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने करा. उदाहरणांसाठी 'व्यवहार' नावाचं टेबल धरू. त्यात 'रक्कम' आणि 'नोंद_वेळ' असे दोन कॉलम आहेत. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे डेटाबेस पोस्टग्रेस समजा.

पहिली पायरी: एकाच आकड्यावर चार फंक्शनं चालवा

वाचून पुढे जाऊ नका, खरंच चालवा.

सिलेक्ट ट्रंक(2.7), राउंड(2.7), फ्लोअर(2.7), सील(2.7);

उत्तर येईल 2, 3, 2, 3. ट्रंक आणि फ्लोअर सारखेच दिसले ना? आता उणे चिन्ह लावून बघा.

सिलेक्ट ट्रंक(-2.7), राउंड(-2.7), फ्लोअर(-2.7), सील(-2.7);

आता -2, -3, -3, -2. इथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ट्रंक आकड्याला शून्याकडे ओढतं. फ्लोअर नेहमी लहान आकड्याकडे, म्हणजे संख्यारेषेवर डावीकडे नेतं. शून्याच्या वर असेपर्यंत दोघांची दिशा एकच असते, म्हणून फरक जाणवत नाही. पण टेबलात परत केलेल्या पैशांच्या नोंदी उणे रकमेने येत असतील, तर फ्लोअर वापरणारा माणूस दर नोंदीला एक रुपया जास्त परत केल्याचं दाखवू शकतो. चाचणीच्या डेटात उणे रकमा सहसा नसतात, त्या खऱ्या डेटात येतात. म्हणून चाचणीचा डेटा बनवताना उणे आकडे मुद्दाम घाला.

दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे कंसात स्वल्पविरामानंतर दिलेली किंमत, किती दशांश ठेवायचे ते सांगतो. ट्रंक(12.789, 2) चं उत्तर 12.78. राउंड असतं तर 12.79 आलं असतं. दुसरा आर्ग्युमेंट उणेही चालतो, मग छाटणी दशांश चिन्हाच्या डावीकडे होते. ट्रंक(1289, -2) म्हणजे 1200. शेकड्यांचे गट पाडायला हे फार सोयीचं आहे.

दुसरी पायरी: आपला डेटाबेस कुठली बोली बोलतो ते बघा

ओरॅकलमध्ये ट्रंक असंच आहे, आणि तिथे तेच फंक्शन आकड्यालाही चालतं आणि तारखेलाही. मायएसक्यूएलमध्ये नाव ट्रंकेट, आणि दुसरा आर्ग्युमेंट द्यावाच लागतो: ट्रंकेट(12.789, 2). एसक्यूएल सर्व्हरमध्ये आकडा छाटायला वेगळं फंक्शनच नाही. तिथे राउंडला तिसरा आर्ग्युमेंट देतात. तो शून्य सोडून काहीही असला की राउंड न करता छाटलं जातं: राउंड(12.789, 2, 1), उत्तर 12.780. एसक्यूएललाइटमध्ये ट्रंक 2021 सालच्या 3.35 आवृत्तीत आलं, एकाच आर्ग्युमेंटचं.

मायएसक्यूएलवाल्यांनी जरा थांबा. ट्रंकेट हे फंक्शन आकडा छाटतं, पण 'ट्रंकेट टेबल' ही आज्ञा अख्खं टेबल रिकामं करते. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये ती आपोआप कमिट होते, म्हणजे बदल पक्का होतो आणि नंतर रोलबॅक करून (बदल मागे घेऊन) काही परत मिळत नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडी असेल तर रोलबॅकने डेटा वाचवता येतो. इंटरनेटवर छाटणीबद्दल शोधताना दोन्हींची उत्तरं एकत्र समोर येतात, म्हणून कुठलीही ओळ चिकटवण्याआधी त्यात 'टेबल' हा शब्द नाही ना, एवढं बघाच.

आता कास्ट, म्हणजे किमतीचा प्रकार बदलणं. पुष्कळ जण छाटण्यासाठी सरळ इंटिजरमध्ये कास्ट करतात. 2.7 हा दशांशी आकडा इंटिजर केला तर एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएललाइट 2 देतात. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकल 3 देतात. एका डेटाबेसवरची क्वेरी दुसऱ्यावर नेली की आकडे गुपचूप बदलतात ते असे. छाटायचं असेल तर छाटण्याचंच फंक्शन लिहा. पुढे क्वेरी वाचणाऱ्यालाही तुमचा हेतू कळतो.

भागाकारात तर न सांगता छाटणी होते. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएललाइटमध्ये दोन इंटिजरांचा भागाकार इंटिजरच येतो, म्हणजे 7 / 2 चं उत्तर 3. टक्केवारी काढताना नवखा लिहितो:

सिलेक्ट 45 / 60 * 100;

उत्तर शून्य. आधी 45 भागिले 60 झालं, 0.75 चं शेपूट छाटलं गेलं, राहिलेल्या शून्याला शंभराने गुणलं. 45 * 100.0 / 60 असं लिहिलं की 75 मिळतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये हा त्रास नाही, तिथे 7 / 2 चं उत्तर 3.5 येतं.

फ्लोटिंग पॉइंटवर ट्रंक चालवण्याआधी

या भागावर जास्त थांबतोय, कारण पैशांच्या हिशेबात सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. रकमेचा कॉलम डबल प्रिसिजन, म्हणजे जवळची किंमत साठवणारा फ्लोटिंग पॉइंट प्रकार, असेल तर हे चालवून बघा:

सिलेक्ट ट्रंक(कास्ट(0.29 अ‍ॅज डबल प्रिसिजन) * 100);

29 येईल असं वाटतं, येतात 28. कारण असं की 0.29 हा आकडा बायनरीत नेमका मांडता येत नाही, जवळचा आकडा साठवला जातो. त्याला शंभराने गुणल्यावर 28.999999999999996 येतं. राउंडने तो 29 च केला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण ट्रंकला दया नाही. 29 च्या केसभर अलीकडे आकडा असला तरी ते 28 वरच आणून सोडतं. 19.99 गुणिले 100 चंही तेच, छाटल्यावर 1998.

पोस्टग्रेसमध्ये डबल प्रिसिजनच्या कॉलमवर ट्रंक(रक्कम, 2) लिहिलंत तर असं फंक्शनच नाही अशी एरर येते. दोन आर्ग्युमेंटचं ट्रंक तिथे फक्त न्यूमेरिक, म्हणजे नेमके दशांश साठवणाऱ्या प्रकारासाठी आहे. नवख्यांना ही एरर त्रासदायक वाटते, मला ती मोलाची वाटते. डेटाबेस तुम्हाला विचारतोय की हा आकडा खरंच नेमका आहे का. आधी न्यूमेरिकमध्ये कास्ट करून काम पुढे जातं, पण खरा उपाय टेबल बनवतानाच करायचा असतो. पैसे न्यूमेरिक किंवा डेसिमलमध्ये ठेवा, नाहीतर सगळ्यात लहान नाण्यात मोजून इंटिजरमध्ये ठेवा.

याला जोडूनच एक सवय लावून घ्या, छाटणी सगळ्यात शेवटी. 10.006 च्या तीन नोंदी आहेत. आधी प्रत्येक छाटली तर 10.00 तीनदा, बेरीज 30.00. आधी बेरीज केली तर 30.018, मग छाटून 30.01. तीन ओळींत एका पैशाचा फरक पडला. राउंड करताना काही आकडे वर जातात, काही खाली, त्यामुळे पुष्कळशी तूट आपोआप भरून निघते. छाटताना मात्र आकडे शून्याच्या वरचे असतील तर तूट एकाच बाजूला साचत जाते. म्हणजे सम(ट्रंक(रक्कम, 2)) आणि ट्रंक(सम(रक्कम), 2) यांतलं कुठलं लिहायचं, हा हिशेबाचा नियम काय सांगतो त्यावरचा निर्णय आहे. नियम माहीत नसेल तर ज्याचा रिपोर्ट आहे त्याला विचारा.

आता वेळ: महिना काढायचा की महिन्यापर्यंत छाटायचं?

दरमहाचा रिपोर्ट हवा म्हटलं की नवखा एक्स्ट्रॅक्ट वापरून महिन्याचा क्रमांक काढतो आणि त्यावर ग्रुप बाय करतो. पहिल्या वर्षी सगळं ठीक चालतं. दुसऱ्या वर्षी मार्च 2023 आणि मार्च 2024 एकाच ओळीत येतात, कारण दोघांचाही क्रमांक 3. इथे हवी असते छाटणी:

सिलेक्ट डेट_ट्रंक('मंथ', नोंद_वेळ), सम(रक्कम) फ्रॉम व्यवहार ग्रुप बाय 1 ऑर्डर बाय 1;

2024-03-17 14:22:09 चं 2024-03-01 00:00:00 होतं. वर्ष टिकतं, आणि उत्तर टाइमस्टँपच राहतं, त्यामुळे क्रम नीट लागतो. 'मंथ'च्या जागी 'अवर', 'डे', 'क्वार्टर', 'इयर' काहीही द्या.

ओरॅकलमध्ये ट्रंक(नोंद_वेळ, 'एमएम'). तिथे 'एमएम' म्हणजे महिना आणि 'एमआय' म्हणजे मिनिट. मिनिटाच्या जागी 'एमएम' लिहिणारे नेहमी भेटतात, आणि एरर न येता सगळ्या नोंदी एक तारखेवर गोळा होतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2022 च्या आवृत्तीपासून डेटट्रंक आहे. त्याआधीच्या सर्व्हरवर ही जुनी युक्ती अजून चालते:

डेटअ‍ॅड(मंथ, डेटडिफ(मंथ, 0, नोंद_वेळ), 0)

शून्य म्हणजे तिथे 1 जानेवारी 1900. तेव्हापासून किती महिने उलटले ते मोजायचं आणि तेवढेच परत त्या तारखेत मिळवायचे. दिवस आणि वेळ वाटेत गळून पडतात. मायएसक्यूएलमध्ये दिवसापर्यंत छाटायला डेट(नोंद_वेळ) पुरतं. महिन्यासाठी दिवसाच्या तारखेतून गेलेले दिवस वजा करा:

डेट_सब(डेट(नोंद_वेळ), इंटरव्हल डेऑफमंथ(नोंद_वेळ) - 1 डे)

डेट_फॉरमॅटनेही होतं, पण त्यातून मजकूर मिळतो, तारीख नाही. पुढे तारखांची बेरीज-वजाबाकी करायची असेल तर वरचंच बरं.

आठवड्याचं सावधपणे करा. पोस्टग्रेसचा आठवडा सोमवारी सुरू होतो. ओरॅकलमध्ये 'आयडब्ल्यू' दिलं तर सोमवार, नुसतं 'डी' दिलं तर सेटिंगमध्ये जो प्रदेश असेल त्याप्रमाणे. एसक्यूएल सर्व्हर 'डेटफर्स्ट' हे सेटिंग बघतो, अमेरिकन इंग्रजीत ते मुळात रविवारवर असतं. आठवड्याचे दोन रिपोर्ट जुळत नसतील तर इथून शोध सुरू करा.

सेकंदाचे अपूर्णांक काढायला टाइमस्टँप(0) मध्ये कास्ट करू नका. तो छाटत नाही, राउंड करतो. 31 मार्चच्या 23:59:59.7 ची नोंद कास्ट केल्यावर 1 एप्रिलच्या 00:00:00 ला जाऊन बसते. दिवस बदलला, महिनाही बदलला. डेट_ट्रंक('सेकंड', नोंद_वेळ) लिहा. मायएसक्यूएलमध्ये अपूर्णांक न ठेवणाऱ्या डेटटाइम कॉलममध्ये अशी वेळ भरली तरी तीही राउंडच होते. 8.0 आवृत्तीत ती छाटण्यासाठी एसक्यूएल मोडमध्ये वेगळी सोय दिली आहे.

व्हेअरमध्ये कॉलम छाटू नका

सुरुवातीच्या काळात मी एका कामावर महिन्याची बेरीज अशी काढायचो:

व्हेअर नोंद_वेळ बिटवीन '2024-03-01' अँड '2024-03-31'

बिटवीनमध्ये दोन्ही टोकं धरली जातात हे मला माहीत होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण '2024-03-31' म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, 00:00:00. म्हणजे 31 तारखेचा जवळजवळ पूर्ण दिवस रिपोर्टाबाहेर राहत होता, आणि कुणी विचारेपर्यंत काही महिने गेले. मग मी शेवटाला 23:59:59 लावलं. त्याने शेवटच्या सेकंदातल्या अपूर्णांकांच्या नोंदी सुटल्या. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम प्रकारात 23:59:59.999 लिहिलं तर उलटच होतं. तो प्रकार सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागापर्यंतच वेळ ठेवतो, त्यामुळे .999 पुढच्या दिवसाच्या शून्यावर राउंड होतं आणि एक एप्रिलची मध्यरात्र मार्चमध्ये शिरते.

सरळ उपाय आहे, सुरुवात धरायची, शेवट सोडायचा:

व्हेअर नोंद_वेळ >= '2024-03-01' अँड नोंद_वेळ < '2024-04-01'

महिना 28 दिवसांचा असो की 31 चा, अपूर्णांक कितीही असोत, काही सुटत नाही आणि काही दोनदा मोजलं जात नाही.

व्हेअर डेट_ट्रंक('मंथ', नोंद_वेळ) = '2024-03-01' लिहिलं तरी उत्तर तेच येतं, मग ते का टाळायचं? इंडेक्ससाठी, म्हणजे ओळी पटकन शोधायला डेटाबेस ठेवतो त्या सूचीसाठी. इंडेक्स नोंद_वेळच्या मूळ किमतींवर बांधलेला असतो. तुम्ही कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळलात की पोस्टग्रेसला तो साधा इंडेक्स कामाला लावता येत नाही, मग प्रत्येक ओळ उघडून, छाटून, ताडून बघावी लागते. हजार ओळींत कळणार नाही, कोटीभर ओळींत क्वेरी बसून राहील. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावून दोन्ही क्वेऱ्यांचे प्लॅन शेजारी शेजारी ठेवा, एकदा स्वतः पाहिलंत की पुन्हा विसरणार नाही. छाटणी सिलेक्ट आणि ग्रुप बायमध्ये करा, गाळणी कच्च्या कॉलमवर.

कुणाचं घड्याळ?

सर्व्हरवर वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत असते, आणि रिपोर्ट वाचणारा कुठल्यातरी टाइम झोनमध्ये असतो. एक नोंद जवळून बघू: 2024-03-31 20:10 यूटीसी. वाचणाऱ्याचं घड्याळ साडेपाच तास पुढे असेल तर त्याच्यासाठी ती 1 एप्रिलची पहाट आहे, 01:40. यूटीसीत महिन्यापर्यंत छाटलं तर नोंद मार्चमध्ये, त्याच्या घड्याळाने छाटलं तर एप्रिलमध्ये. तासापर्यंत छाटलं तरी गंमत आहेच. यूटीसीचा 20:00 चा गट त्याच्या घड्याळात 01:30 ला सुरू होतो, आणि त्याला हवा असतो 01:00 चा. अर्ध्या किंवा पाऊण तासाच्या फरकाच्या झोनमध्ये तासांचे गटही चुकतात, हे पूर्ण तासाच्या झोनमध्ये काम करणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही.

पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टँप विथ टाइम झोन हा कॉलमचा प्रकार असेल तर डेट_ट्रंक सेशनच्या (तुमच्या चालू जोडणीच्या) टाइम झोनप्रमाणे छाटतं. म्हणजे तीच क्वेरी तुमच्या मशीनवर एक आणि सर्व्हरवर दुसरं उत्तर देऊ शकते. 2019 सालच्या 12 व्या आवृत्तीपासून झोन तिसरा आर्ग्युमेंट म्हणून देता येतो, तो नेहमी द्या:

डेट_ट्रंक('मंथ', नोंद_वेळ, 'झोनचं नाव')

कॉलम विदाउट टाइम झोन असेल आणि त्यात यूटीसी भरलेलं असेल, तर 'अ‍ॅट टाइम झोन' दोनदा लावावं लागतं. पहिल्यांदा 'यूटीसी' देऊन ही वेळ कुठली आहे ते सांगायचं, दुसऱ्यांदा आपला झोन देऊन त्यात न्यायची. एकदाच लावलं तर वेळ उलट्या दिशेने सरकते.

झोनचं पूर्ण नाव द्या, '+05:30' असा आकडा नको. पोस्टग्रेस हा मजकूर पॉसिक्स नावाच्या प्रमाण पद्धतीने वाचतं, आणि तिथे अधिक चिन्ह म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला. साडेपाच तास पुढे जायचं तर तुम्ही साडेपाच तास मागे जाता. शिवाय नाव दिलं की उन्हाळी वेळेचे नियम आपोआप लागू होतात. ज्या झोनमध्ये घड्याळ मागेपुढे करतात तिथे वर्षात एक दिवस 23 तासांचा आणि एक 25 तासांचा असतो. म्हणून दिवसाचा शेवट काढताना 24 तास मिळवू नका, त्या झोनच्या स्थानिक वेळेत 'इंटरव्हल 1 डे' मिळवा.

पंधरा मिनिटांचे गट

डेट_ट्रंकला तास कळतो, मिनिट कळतं, पंधरा मिनिटं कळत नाहीत. पोस्टग्रेसच्या 14 व्या आवृत्तीपासून डेट_बिन आहे:

डेट_बिन('15 मिनिट्स', नोंद_वेळ, टाइमस्टँप '2001-01-01')

शेवटची तारीख म्हणजे मोजपट्टी कुठून लावायची ती जागा. महिने आणि वर्षं यात चालत नाहीत, त्यांची लांबी बदलते ना. जुन्या आवृत्तीत किंवा मायएसक्यूएलमध्ये वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत आणायची, 900 ने भागायचं, फ्लोअर करायचं, पुन्हा 900 ने गुणायचं आणि वेळेत परत न्यायचं. इथे फ्लोअरच का? 1970 च्या आधीच्या वेळा उणे सेकंदांत येतात. ट्रंक त्यांना शून्याकडे, म्हणजे पुढच्या गटात ढकलेल. पहिल्या पायरीतला -2.7 इथे पुन्हा भेटतो.

रिपोर्ट हातातून सोडण्याआधी

एका छोट्या टेबलात सात-आठ नोंदी हाताने भरा: एक उणे रक्कम, एक 0.29, महिन्याच्या पहिल्या क्षणाची नेमकी 00:00:00 ची एक, शेवटच्या दिवशीची 23:59:59.7 ची एक, झोन बदलल्यावर तारीख बदलणारी एक, आणि एक जिच्यात वेळच नल (रिकामी) आहे. नल छाटला तरी नलच राहतो आणि ग्रुप बायमध्ये त्याची वेगळी ओळ येते, ती ठेवायची की गाळायची ते ठरवा. प्रत्येक नोंद कुठल्या गटात जायला हवी ते आधी कागदावर लिहा आणि मग क्वेरी चालवा. त्यानंतर सगळ्या गटांची बेरीज करा आणि गट न पाडता काढलेल्या बेरजेशी ताडून बघा. एखादा दिवस रिपोर्टात दिसतच नसेल तर घाबरू नका, त्या दिवशी नोंदच नसेल तर ग्रुप बाय ओळ कुठून आणणार? रिकामे दिवसही दाखवायचे असतील तर जनरेट_सिरीजने तारखांची यादी बनवा आणि लेफ्ट जॉइनने तिला हा निकाल जोडा.